विमानाचं खळं

दिवाळी सरली की तापी अंग आवरून घेई. कोळपांढरी गावाच्या पुढ्यात तिला दोन धारा फुटत आणि मधलं लांबलचक बेट वर येई. त्याला सगळे दुधारी म्हणत. बेट उघडं पडलं की गावातले भोई नारळ घेऊन नावेतून तिथं जात आणि टरबुजाच्या वाड्या लावायला वाळू वाटून घेत. वाळू कुणाच्या बापाची नव्हती, म्हणून तिचा कायदा भोयांनीच करून ठेवला होता. पुरानं दरसाल बेटाचा आकार बदले, तेव्हा मागच्या वर्षीची हद्द कुणी काढायची नाही. जाणता माणूस वल्हं वाळूत रोवी, अंबाडीचा दोर ताणी आणि घरटी एकेक पट्टा तोडून देई. मार्गशीर्षाच्या अवसेच्या आत ज्यानं आपल्या पट्ट्यात पहिला खड्डा खणला नाही, त्याची त्या वर्षाची वाळू गेली. ती भाऊबंदांत वाटली जाई, मग त्यानं पाय धरले तरी परत मिळत नसे. एवढा कडक कायदा सरकारलाही जमला नसता.

जमनाबाईचा सगळा संसार या कायद्यात गेला होता. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती टरबुजाच्या वाडीत वाकलेली होती. आता चाळिशी उलटली, एकुलती लेक सारंगखेड्याला नांदायला गेली, घरात ती आणि तिचा नवरा दोधू भोई दोघंच उरले. पण पट्टा काही लहान झाला नव्हता. सकाळी उठताना ती आधी एका कुशीवर व्हायची, मग हात टेकायची, मग कंबर म्हणेल तेव्हा उभी राहायची.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. त्या साली भोई नारळ घेऊन बेटावर गेले, तर तिथं आधीच तंबू ठोकलेला. तंबूतून डोक्यावर टोपी, पायात मोजे, असा एक माणूस बाहेर आला. सुरतेकडचा, नाव प्रेमचंद. कुठल्याशा कंपनीनं बेट सरकारातून घेतलं होतं आणि हा तिचा मॅनेजर होता. मुंबईच्या बड्या लोकांना विमानात घालून इथं आणायचं, तंबूत ठेवायचं, नदीत डुंबायला लावायचं, नावेतून प्रकाशा गावची देवळं दाखवायची आणि पुन्हा विमानात घालून परत पाठवायचं, असा कंपनीचा बेत होता.

"समुद्रावर पाणी खारं, गर्दी केवढी," प्रेमचंद म्हणाला. "इथं वाळू तशीच आणि पाणी गोड. लोक खूश होऊन जातील, भाई."

दोधूचा थोरला भाऊ सुकलाल, ज्याच्या हातात वाटणीचं वल्हं होतं, तो पुढं झाला. "लोके खूश व्हतीन, ते ठीक शे. आम्ही कोठे जावानं?"

प्रेमचंदनं पलीकडच्या काठाकडे हात केला. तिकडची वाळू जाडी, गोटे भरलेली. तिथं टरबूज धरायचं म्हणजे दुप्पट खत आणि तिप्पट पाणी. सुकलालनं वल्हं खाली ठेवलं नाही. पण प्रेमचंदबरोबर एक सरकारी पट्टेवालाही होता, आणि पट्टेवाल्यापुढं भोयांचा कायदा कधी चालला नव्हता.

"एक माणूस मला इथं पाहिजे," प्रेमचंद म्हणाला. "नाववाला. पाहुण्यांचं सामान उतरवायला, विमान उतरायची जमीन झाडायला, ते यायच्या वेळी निशाणीचं कापड अंथरायला. जो येईल त्याची वाडी राहील इथं. त्या उगवतीच्या टोकाला, विमानाच्या वाटेबाहेर."

उगवतीचं टोक म्हणजे बेटाचं डोकं. पुराचा सगळा मऊ गाळ आधी तिथं बसतो. नारळाची टोपली घेऊन उभ्या असलेल्या जमनाबाईच्या मनात आलं, कुणीतरी हो म्हणणार, आणि जो म्हणेल त्याला उरलेले सगळे जन्मभर नावं ठेवणार. एवढ्यात तिच्या शेजारूनच आवाज आला.

"मी येस," दोधू म्हणाला.

परतताना नावेत त्याच्याशी कुणी बोललं नाही. काठाला लागल्यावर सुकलालनं उतरता उतरता एवढंच म्हटलं, "भाऊ, तू त्यास्नं काम धरं आनि आम्हले नदीपार काढी दिन्हं."

"मी कोनले काढं नही," दोधू म्हणाला. "मी नही म्हनतू ते दुसरं कोनी हा म्हनतं."

ते खरंही होतं. पण खरं असून त्याचा काही उपयोग नव्हता. जमनाबाई खाली मान घालून नारळाची टोपली घेऊन घरी आली. नारळ फोडायचा राहूनच गेला होता.

मग बेटावर विमानाचं खळं तयार झालं. सगळे त्याला खळंच म्हणत, कारण ते तसंच होतं. अक्कलकुव्याकडचे डोंगरातले मजूर आले. त्यांनी मावळतीपासून उगवतीच्या टोकाच्या अलीकडपर्यंत वाळू सारखी केली, तिच्यावर काठाची चिकण माती पसरली, पाणी मारलं आणि दगडी रूळ ओढून ओढून ती ठोकून काढली. असं खळं गावातल्या कुठल्या पाटलाच्या घरी नव्हतं. फक्त त्याच्यावर दाणा पडायचा नव्हता.

अवसेच्या आत दोधूनं उगवतीच्या टोकाला पहिला खड्डा खणला. पलीकडच्या काठावर सुकलालनं आपल्या माणसांना दोर ताणून दिला, त्यात दोधूचं घर धरलं नाही. म्हणजे आता या वर्षाला बेटावरची वाडी हीच काय ती होती. ती पिकली तर पिकली. तिचं काही वाईट झालं तर पलीकडे पाय ठेवायला वीतभर वाळू मिळणार नव्हती, हे जमनाबाई रोज सकाळी पाण्यात पाय घालताना मनाशी म्हणे.

काम मात्र रोजचंच होतं. दोधू कॅम्पाच्या कामावर जाई, वाडी एकट्या जमनाच्या अंगावर पडली. वाळूत ओल लागेपर्यंत चाऱ्या खणायच्या, तळाला शेळीच्या लेंड्यांचं खत आणि एरंडीची पेंड घालायची. खत गावातून नावेनं आणायचं, नावेतून टोपलीनं वाहायचं. बी भिजवून फडक्यात बांधून तिनं कमरेला, पोटाशी लावलं आणि चार दिवस वागवलं. अंगाच्या उबेनं त्याला मोड आले. मोडाचं बी एकेक करून बोटानं चारीत लावलं, तेव्हा तिची बोटं थंडीनं अशी आखडली होती की चिमूट सुटायची नाही. मग पाण्यासाठी वाळूत झिरा खणला, मडक्यानं पाणी घातलं, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून चाऱ्यांच्या कडेनं तुराट्यांचं कूड रोवलं.

दुसऱ्याच दिवशी प्रेमचंद येऊन उभा राहिला. "हे काढा. विमानाचा पंख लागेल."

"रोपं लहान शेत, शेट," जमना म्हणाली. "वारा मारी टाकी."

"गुडघ्याएवढं ठेवा. जास्त नाही."

तिनं सगळ्या तुराट्या उपटून, गुडघ्याएवढ्या तोडून पुन्हा रोवल्या. त्यात तिच्या हातात कुसळं गेली ती होळीपर्यंत निघाली नाहीत.

पहिलं विमान आलं तेव्हा अख्खी कोळपांढरी काठावर जमली होती. दोधू सकाळपासून खळ्यावर. त्याला पांढऱ्या जाड कापडाची निशाणी दिली होती. एक लांब पट्टी आणि तिच्या डोक्यावर एक आडवी, हातोड्यासारखी. प्रेमचंदनं जिथं खुंट्या ठोकल्या होत्या तिथं ती ताणायची, हातोड्याचं डोकं उगवतीला. विमान मावळतीकडून आलं, भुईला टेकलं, धावत धावत वाडीच्या जवळ येऊन मंदावलं आणि थांबलं. लोकांनी आरोळी मारली. मग विमान परत फिरायला वळलं, त्याच्या पंख्याचा झोत वाडीकडे झाला, आणि जमनाबाईला पुढचं काही दिसलंच नाही. डोळ्यांत, तोंडात, नाकात नुसती वाळू.

धूळ बसली तेव्हा चाऱ्या भरून गेल्या होत्या. पाहुणे उतरून, रुमालानं तोंडं पुसत तंबूकडे चालले होते. ती ओणवी झाली आणि एकेका रोपाच्या मानेभोवतीची वाळू बोटांनी काढायला लागली. एवढीशी रोपं, दोन पानांची. जोरानं काढली तर मोडतात. तिला संध्याकाळ झाली.

पुढं विमान आठवड्यातून एकदा यायला लागलं आणि आठवड्यातून एकदा तिचा तो दिवस वाळू काढण्यात जायला लागला. तिनं दोधूला म्हटलं, "त्यास्ले सांगा ना, जरा अल्याड वळाले." दोधू म्हणाला, सांगतो. त्यानं सांगितलं की नाही तिला कळलं नाही. वळायचं ते तिथंच वळत राहिलं.

पाहुण्यांची मात्र कोळपांढरीला मोठी करमणूक झाली. मावळतीच्या शेपटाला, जिथं पाणी उथळ आणि निर्मळ होतं, तिथं त्यांचे तंबू होते. सकाळी ते लोक पाण्यात शिरत, एकमेकांवर पाणी उडवत आणि बाहेर येऊन भर उन्हात वाळूवर पसरत. बायकासुद्धा. भोई मासे वाळत घालतात तशी ही माणसं ओळीनं पडलेली असत. प्रथम पाहिलं तेव्हा जमना घाबरली.

"ती बाई आजारी शे का?" तिनं दोधूला विचारलं.

"नही वं. उन खाई ऱ्हायनी."

"उन खावाले इमानमा बठीसन उनी? त्यास्ना गावले उन नही का?"

दोधू हसला. त्या सबंध हंगामात तो मोकळेपणानं हसलेला तिला तेवढाच आठवतो. ती स्वतः त्या वेळी डोक्यावर खताची टोपली घेऊन त्याच उन्हात उभी होती, पण तिच्या ते ध्यानात आलं नाही.

माघात वेल पसरले. विमानाची वाळू खाऊन, आखूड कुडाआड थंडी काढून, कोल्ह्यांना चुकवून ते पसरले, आणि त्यांना पिवळी फुलं आली. जमनाला आपल्याच वाडीचं नवल वाटे. पलीकडच्या काठावर सुकलालच्या वाडीत अजून वेलांना जोर नव्हता, तिथल्या बाया दिवसभर पाणी ओढताना दिसत. एकदा सुकलालची बायको पाण्याच्या कडेला हंडा भरत होती आणि अलीकडे जमना. मधे नदीची धार. जमनानं हाक मारली, "भाभी, बरं शे का?" भाभीनं हंडा भरला, उचलून डोक्यावर घेतला आणि वाळू तुडवत चढून गेली. जमनाला रडू आलं. वाडीवर फळ धरलेलं, आणि हे असं. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि कामाला लागली.

फाल्गुनात फळं नारळाएवढी झाली. आता थोडेच दिवस. होळीनंतर प्रकाशाच्या बाजारात पहिली गाडी न्यायची असं तिनं मनात धरलं होतं. उन्हानं तापू नये म्हणून ती एकेक फळ वेलाच्या पानांखाली सारून ठेवी, खाली गवताची चुंबळ ठेवी. फळाला हात लावताना तिच्या पाठीचं दुखणं थोडं कमी होई.

होळीसाठी पाहुण्यांचं एक मोठं विमान यायचं होतं. प्रेमचंद बर्फ आणि पेट्या आणायला आदल्या दिवशी नंदुरबार स्टेशनला गेला. जाताना दोधूला म्हणाला, "कापड वेळेवर टाक. आणि वारा फिरला तर कापडही फिरव. समजलं?"

"हा, शेट," दोधू म्हणाला.

सबंध हिवाळा वारा उगवतीचा होता. कापड खुंटीवरून कधी हललं नव्हतं, त्यामुळे ते फिरवायचं म्हणजे काय हे कुणी दाखवलं नव्हतं आणि दोधूनं विचारलंही नव्हतं. 'हा, शेट' म्हणणं त्याच्या तोंडात बसलं होतं.

त्या दिवशी सकाळी वारा पडला. दुपारी विमानाची वेळ जवळ आली तेव्हा तो उठला तो मावळतीकडून, गरम, अंगावर येणारा. फाल्गुनात तो असाच यायचा. जमना दोधूला कापड ताणायला हात देत होती, कारण त्या वाऱ्यात एकट्याच्या हातानं ते आवरेना.

"वारा फिरना," ती म्हणाली. "कापड फिरावानं नही का?"

दोधूनं मावळतीकडे तोंड करून वारा अंगावर घेतला. त्याच्या बापानं आणि आज्यानं याच वाऱ्यावर शीड चढवून नदीच्या उलट्या धारेनं नावा वर नेल्या होत्या. हा वारा सुटला की भोयांची वल्ही आत जात आणि चिलमी बाहेर निघत.

"येडी शे का तू?" तो म्हणाला. "इमान कोनीकडून येस? मावयतीकडून. थंडीमा त्यास्ले समोरना वारा लागे, बिचारा कष्टे येत. आज वारा मांगून शे. सरळ येतीन, आरामशीर. मांगून वारा भेटना ते कोनी नावनं तोंड फिरावस का?"

हे तिलाही पटलं. तीही भोयाचीच लेक. तिनं तिच्या कोपऱ्यावर गोटा ठेवला, त्यानं त्याच्या.

विमान आलं. आधी बेटावरून एक फेरी मारली, कापड पाहिलं आणि मावळतीकडून खाली उतरलं. पण या वेळी ते नेहमीसारखं लवकर टेकेना. वारा त्याला पाठीमागून ढकलत होता. अर्धं खळं ओलांडून गेल्यावर चाकं लागली, तरी वेग मोडेना. दोधू हात वर करून ओरडत त्याच्यामागून पळत सुटला, जशी काही ती नाव होती आणि त्याला दोर पकडायचा होता. जमना जागची हलली नाही. कुठं जाणार हे तिला दिसत होतं.

विमान गुडघ्याएवढं कूड मोडून वाडीत शिरलं. एक चाक चारीत गेलं, विमान गर्रकन फिरलं, एका पंखानं वेल खरवडत गेलं आणि नाक वाळूत खुपसून थांबलं. फुटलेल्या टरबुजांचं पाणी पंख्यावरून गळत होतं.

माणसं जिवंत होती. एकेक करून बाहेर पडली. एका बाईचा ओठ फुटला होता, एका शेटजीचा चष्मा गेला होता, बाकी सगळे नुसते थरथरत होते. जमनानं मडक्यातलं पाणी नेऊन दिलं. ते पुरेना, तशी एका तरुण पाहुण्यानं पायाशी फुटलेलं टरबूज उचललं, त्यातला गर तोंडात घातला आणि थुंकून टाकला.

"कच्चं आहे," तो म्हणाला, आणि दुसरं उचलून फोडलं.

कच्चंच होतं. अजून पंधरा दिवस हवे होते. त्यानं तेही टाकलं आणि तिसरं फोडलं नाही, एवढीच दया.

प्रेमचंद दिवस मावळायच्या आत परतला. त्यानं विमान पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. पायलट त्याची वाटच बघत होता. तो बोलत होता इंग्रजीत, पण बोट कापडाकडे होतं, आणि वारा कुठून आहे हे तो हातातला रुमाल सोडून दाखवत होता. कापडाचं डोकं जिकडं, तिकडं तोंड करून विमान उतरतं, आणि ते वाऱ्याच्या तोंडावर उतरायला हवं, पाठ देऊन उतरलं तर थांबत नाही, ही एवढीशी गोष्ट कोळपांढरीला त्या दिवशी कळली.

"कापड कोणी टाकलं?" प्रेमचंदनं विचारलं. सगळे पाहुणे बघत होते. धारेपलीकडे सुकलाल आणि भाऊबंद उभे होते, तेही बघत होते. "दोधू, कापड कोणी टाकलं?"

दोधू आपल्या पायांकडे बघत होता.

जमनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि वाडीकडे पाहिलं. विमानानं मधूनच वाट काढली होती, दोन्ही कडांच्या चाऱ्या अजून हिरव्या होत्या. अर्धी वाडी शाबूत होती. दोधूचं काम गेलं तर तीही गेली.

"मी टाकं," ती म्हणाली. "घरधनी सामान उतरावाले नाववर गया व्हतात. माले सांगं व्हतं कापड फिराव म्हनीसन. मी इसरी गयी."

प्रेमचंदनं सगळा राग तिच्यावर काढला. बायामाणसांच्या हातात काम दिल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणाला. माणसं मेली असती म्हणजे तू फाशी गेली असतीस, असं म्हणाला. मग तिला पायलटपुढं आणि एकेका पाहुण्यापुढं उभं करून हात जोडायला लावले. ती हात जोडत गेली. हात चिकट होते, गोड पाण्यानं भरलेले, त्यांना वाळू लागली होती. ओठ फुटलेल्या बाईनं तोंड फिरवलं. दोधू तेव्हाही पायांकडेच बघत होता.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, भाकरी टाकली, त्याच्यापुढं ठेवली. त्यानं तुकडा मोडला नाही.

"तू काबर बोलनी?" तो म्हणाला.

"मंग कोन बोलतं? तुम्ही ते पायकडे देखी ऱ्हायना व्हतात."

"मी सांगतू. जीभच वळनी नही."

"अर्धी वाडी ऱ्हायनी शे. ती बी गयी ऱ्हाती." तिनं दुसरी भाकरी थापली. "जेवा आते."

त्याला वाटलं, झालं, एवढ्यावर मिटलं. पण मिटलं नव्हतं. गावभर झालं, जमनानं विमान पाडलं. पाणवठ्यावर पोरीबाळी तिला बघून हसत. सुकलालची बायको आता बोलायला लागली, पण काय, तर, "काव जमना, आज कोनतं इमान पाडशी?" जमना हसण्यावारी नेई आणि हंडा उचले. तिला राग गावाचा नव्हता. एवढा मोठा गडी, सबंध नदी ज्याच्या अंगाखांद्यावर, तो चार माणसांत एक शब्द बोलला नाही, आणि अजूनही बोलत नव्हता. गावात कुणी विमानाचा विषय काढला की तो उठून नावेकडे जाई. तिनं आपण होऊन घेतलेलं ओझं होतं, मान्य. पण त्यानं ते एकदा तरी हात लावून बघायला हवं होतं. अंथरुणावर पडली की हेच मनात येई, आणि थकलेली असूनही झोप लागत नसे.

उरलेल्या चाऱ्यांची तिनं जिवापाड निगा राखली. मोडलेलं कूड पुन्हा रोवलं, विमान ओढून नेताना तुडवलेले वेल उचलून सारखे केले. पाडव्याच्या सुमारास कडेच्या वेलावरची फळं टिचकीला पक्की वाजायला लागली. ती म्हणाली, अजून चार दिवस.

त्या चार दिवसांच्या आतच प्रेमचंद आला. बरोबर फीत घेतलेला एक साहेब होता. त्यानं खळ्याच्या टोकापासून पार पाण्यापर्यंत माप घेतलं, वाडीतून चालत, आणि मान हलवली.

"जमीन आखूड पडते," प्रेमचंद दोधूला म्हणाला. "मोठी विमानं यायची आहेत. उगवतीला वाढवायची, पाण्यापर्यंत. हे सगळं निघेल. उद्यापासून मजूर लावतो. तू त्यांच्यावर मुकादम. तुझं काम पक्कं, काळजी नको."

जमना चारीत ओणवी होती, पानांखालून फळ सारत. तिनं ऐकलं. तिच्या हातांनी ते फळ सारायचं पुरं केलं, कारण हातांना थांबायचं कळलं नाही. मग ती तिथंच वाळूत बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण फार दमली होती. चार महिन्यांचा सगळा शीण त्या एका क्षणात तिच्या अंगात उतरला, खत, पाणी, वाळू, ते जोडलेले हात. एवढं करून ही एक चारी राखता आली नव्हती. मोडायची असेल तर दुसऱ्याच्या हातानं नको, असं तिच्या मनात आलं. तिनं समोरचा वेल मुळाशी धरला आणि ओढला. वाळूतला वेल, अल्लद निघून आला. ती दुसऱ्याकडे वळली.

दोधू तिच्याकडे बघत उभा होता. प्रेमचंद आणि फीतवाला साहेब परत फिरले होते. तो त्यांच्यामागून चालत गेला, आधी सावकाश, मग भराभर, आणि त्यांच्या पुढं जाऊन आडवा उभा राहिला.

"शेट," तो मोठ्यानं म्हणाला. इतक्या मोठ्यानं की खळं झाडणारे मजूर थांबले आणि धारेपलीकडे पाणी ओढणाऱ्या बायांनी माना वर केल्या. "त्या दिनले कापड मी टाकं व्हतं. तिनी नही. तिनी ते माले इचारं व्हतं, फिरावानं नही का म्हनीसन. मीच नही म्हनं. तिनी मन्ही चूक स्वतःवर लिन्ही."

प्रेमचंदला आधी कळेचना हा कशाबद्दल बोलतोय. मग कळलं. त्यानं फीतवाल्या साहेबाकडे पाहून खांदे उडवले.

"अरे भाई, ते आता कोण विचारतंय? जमीन आखूड होती, म्हणून झालं. कापड कोणी टाकलं त्यानं काय फरक पडतो?"

दोधू तसाच वाटेत आडवा उभा राहिला.

"माले पडस," मागून जमनाबाई म्हणाली.

तिनं मान वर केली नव्हती. दोन्ही हातांत वेल धरलेला होता, त्याला एक पिकलेलं टरबूज लोंबत होतं. तिनं ते देठाशी तोडून बाजूला ठेवलं आणि पुढच्या वेलाला हात घातला. थोड्या वेळानं दोधू येऊन चारीच्या दुसऱ्या टोकाला ओणवा झाला.